पाणी प्यालेला खडा

सावकाशरावांनी बेकरीवाल्यांच्या घरच्या सुनेच्या अंगठीतला ओपल काढून घेतला, त्या जागी काच बसवली आणि आता दुकान मोडून पळून चाललेत, ही बातमी गल्लीत सकाळच्या पावाबरोबर घरोघर पोचली. पाव नीट भाजलेला होता. बातमी मात्र कच्चीच होती.

त्यातलं खरं एवढंच, की दुकान मोडायचं ठरलं होतं. पळायचं म्हणाल, तर ज्या माणसाला समोरच्या न्हाव्याकडे दाढीला जायचं तरी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते, तो पळणार कुठे आणि कसा? आणि खडा होता तिथेच होता, कोंदणात. गेले होते ते फक्त त्याचे रंग.

सावकाशरावांचं खरं नाव काही वेगळंच आहे. पण "कधी होईल?" या प्रश्नाला एक्केचाळीस वर्षं ज्याने "होईल सावकाश" एवढंच उत्तर दिलं, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? बायको त्यांना "अहो" म्हणते, त्यामुळे तिला नाव आठवायचा प्रसंगच येत नाही. धंदा खडे घासायचा. दुकान म्हणजे एक खाट मावेल आणि उशी बाहेर राहील एवढी जागा. त्यात घासायचं चाक, चाकावर सतत गळणारी पाण्याची बारीक धार, भिंतीला लागलेली दगडाची पांढरी साय, आणि त्या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर हे. डाव्या अंगठ्याचं नख इतकी वर्षं चाकाला लागून लागून सपाट झालेलं. छातीत एक खोकला, जो सकाळी त्यांच्या आधी दुकानात शिरे आणि संध्याकाळी त्यांच्यानंतर बाहेर पडे.

खडे सगळ्याच जातींचे घासत, पण हात बसलेला ओपलवर. हिऱ्यामाणकांना पैलू पाडतात. ओपलला पैलू नाहीत. खडा लाखेने काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि चाकावर फिरवत फिरवत त्याचं पोट गोल करायचं. घाई केली की तापतो, तापला की तडकतो. कोणी विचारलं, की सावकाशराव सांगत की ओपलला स्वतःचा रंग नसतोच. कुटून पाहा, पांढरी पूड निघेल. आत डोळ्यांना न दिसणारे गोळे रचलेले असतात, फळवाला संत्री रचतो तसे, आणि उजेड त्यांच्या फटींतून वाट काढता काढता फुटतो. लाल, हिरवं, निळं दिसतं ते त्या फुटलेल्या उजेडाचं. म्हणून तर जरा मान वळवली की लालच्या जागी हिरवं.

लोकांना मात्र त्यात भलतंच काहीबाही दिसे. एकाला आशा दिसे, दुसऱ्याला अपशकुन. एक बाई नवस केल्यासारखा घेऊन जाई, तर तिचीच जाऊ त्याच्याकडे पाठ करून उभी राही. न्हाव्याने कुठेतरी वाचलं होतं, की जुन्या काळी हा चोरांचा खडा समजत. पानात गुंडाळून मुठीत धरला की चोर कोणाला दिसत नसे. हे ऐकून सावकाशराव एकदा म्हणाले होते, "मग माझ्याकडे चाळीस आहेत, तरी बिल मागणारे मला बरोबर कसे शोधतात?"

पण हे विनोद जुने. अलीकडे ते विनोदालाही दमत. थकवा त्यांच्याकडे आधी पाहुणा म्हणून आला, मग जावई होऊन बसला. ऊठ म्हणायची सोय नाही. चाकावर वाकलं की पाठ सरळ व्हायला दोन चहा लागत. डोळ्यांना सगळ्याच खड्यांत रंग दिसू लागले होते, साध्या खड्यांतसुद्धा, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हे. शेवटी दुसऱ्या गावच्या एका खडेवाल्याला चाक विकून टाकलं. तो शनिवारी टेम्पो घेऊन येणार होता. महिनाअखेर दुकानाची किल्ली मालकाला द्यायची, की झालं. मग काय करणार, असं बायकोने विचारलं. ते म्हणाले, "बसणार." ती म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं बसलेच होतात की."

त्या शनिवारच्या अकरा दिवस आधी बेकरीवाल्याची आई, जिला सगळी गल्ली काकू म्हणते, सुनेला घेऊन दुकानात आली आणि अंगठी टेबलावर ठेवली. लग्नात बेकरीवाल्याने बायकोला केलेली, सहा महिन्यांपूर्वीची. खडा सावकाशरावांनीच घासलेला. तेव्हा दुधासारखा पांढरा होता, आत हिरव्या-लाल ठिणग्या. आता नुसता पारदर्शक, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा.

सावकाशरावांना बघताक्षणीच उलगडा झाला. हा खडा नव्या खाणीतला. त्या खाणीचा माल त्यांच्या हातात पहिल्यांदाच आलेला, आणि त्याची खोड त्यांना ऐकून माहीत होती: तो पाणी पितो. अंगात बारीक भोकं असतात, पाण्यात पडला की ती भरतात आणि रंग विझतात. सुकला की परत येतात. त्यांनी सुनेला विचारलं, की अंगठी घालून भांडी घासली का. घासली होती. पिठाच्या पराती रोज भिजत घालायच्या आणि रोज घासायच्या, त्यात अंगठी काढायचं कोणाला सुचतं?

"पाणी प्यालाय," सावकाशराव म्हणाले. "सुकेल."

"दगड पाणी पितो?" काकूंनी विचारलं.

"हा पितो."

"चहा विचारायचा का मग त्याला?"

पुढचं काकू बोलल्या ते खड्याबद्दल, पण बघत होत्या सुनेकडे. त्यांच्या माहेरी म्हणे सांगत, की घालणारीचं मन दुसरीकडे वळलं की हा खडा विझतो. त्यांचा स्वतःचा काही त्यावर विश्वास नव्हता. नव्हता, असं त्या तीनदा म्हणाल्या. सून बिचारी बांगड्या मोजत उभी.

सावकाशरावांनी आठ दिवस सांगितले. कोरड्या जागी ठेवा, हात लावू नका, सावकाश रंग येतील. आणि चाकाकडे वळले. त्यांच्या दृष्टीने विषय मिटला होता. ज्याला झोप हवी असते त्याला सगळेच विषय मिटलेले दिसतात.

आठ दिवसांनी, बुधवारी, अंगठी परत आली. खडा पूर्वीपेक्षा जास्त मेलेला. काकूंच्या चेहऱ्यावर आता फक्त दोनच शक्यता लिहिलेल्या होत्या: एक तर म्हातारा चोर, नाहीतर सून खोटी. आणि सून रोज डोळ्यांसमोर वावरायची असल्याने काकूंनी, घराचं भलं पाहून, म्हातारा चोर ठरवला. अंगठी त्यांनी टेबलावरच सोडली आणि शनिवारी टेम्पो येणार आहे, हे आपल्याला ठाऊक असल्याचं जाता जाता सांगून गेल्या. दुसऱ्या दिवशी पावाबरोबर बातमी निघाली ती अशी.

सावकाशरावांना राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं. त्यांना आली ती शंका, आणि तीही स्वतःचीच. सहा महिन्यांपूर्वी डोळे किती दमलेले होते, हे त्यांचं त्यांनाच माहीत. त्या दिवशी टेबलावर काचेचे दोन-चार तुकडे होते, नमुन्याचे. आपण दमलेल्या हाताने भलताच उचलून तर नाही बसवला? त्यांनी अंगठी खिडकीपाशी धरली, भिंगातून पाहिली, पालथी केली. काचच वाटू लागली. चाळीस वर्षं हजार खडे ओळखले, आणि शेवटच्या आठवड्यात स्वतःचाच ओळखता येईना.

बायको डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, खणात एवढे पडलेत, त्यातला एक बसवून द्या आणि मोकळे व्हा. तिचं काही चुकत नव्हतं. त्यांनी खण उघडला, एक निवडलासुद्धा. चांगला होता. बसवायला अर्धा तास लागला असता, आणि त्यानंतर आयुष्यभर बसायचंच होतं. पण दुसरा बसवून दिला, म्हणजे पहिला आपणच खाल्ला असं कबूल केल्यासारखं होतं. आणि दिला नाही, तर किल्ली मालकाच्या हातात पडताच एक्केचाळीस वर्षांच्या दुकानावर एकच पाटी राहणार होती: इथे चोर बसत असे. तो खडा त्यांनी खणात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला.

"ठरवा एकदाचं," बायको म्हणाली. "भाजी गार झाली."

दुपारी सून एकटी आली. पदराने तोंड पुसत, आवाज दाबून तिने सांगितलं, की काका, काहीही बसवा, पण रंग दिसू द्या. घरात सासूबाई तिच्याशी इतकं गोड बोलतात की भीती वाटते. सावकाशरावांनी तिला स्टूल दिलं. ती बसली, आणि आपलं कुठे चुकलं नाही हे पटवून द्यायला म्हणाली, की तुम्ही सांगितलंत तसं अगदी तंतोतंत केलं. वाडगा कोरड्या फडताळातच ठेवला. पाणीही रोज बदललं, सासूबाई स्वतः उभ्या राहून बदलून घेत होत्या.

सावकाशरावांना आधी वाटलं, आपल्याला ऐकू कमी येतंय.

"कुठलं पाणी?"

"खड्याचं. ओपल पाण्यात जगतो ना? तुमच्याच तर खिडकीत ठेवलेत."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे काचेचा वाडगा होता, पाण्याने भरलेला, तळाशी दहा-बारा ओपल. तो वाडगा तिथे वीस वर्षं होता. जुन्या खाणीच्या खड्यांना पाण्याने काही होत नाही, उलट घासायच्या आधी पाण्यात त्यांचे रंग चांगले उमटतात, कुठली बाजू वर घ्यायची ते कळतं. शाळेतून जाणारी पोरं काचेला नाकं लावून विचारत, हे पाण्यात का? तेव्हा त्यांना विनोदाचा दम होता. ते सांगत, की हे मासेच आहेत, बाहेर काढले की मरतील. त्या पोरांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली, आणि ओपल पाण्यात जगतो हे गल्लीत दोन अधिक दोन चार इतकं पक्कं झालं. त्यातलंच एक पोर म्हणजे बेकरीवाला.

म्हणजे विझलेल्या खड्याला जिवंत करायला सासू-सुना आठ दिवस त्याला ताजं पाणी पाजत होत्या. कोरड्या जागी ठेवा म्हटल्यावर वाडगा कोरड्या जागी ठेवला होता. यात त्यांची चूक कोणती, ते सावकाशरावांना काही सांगता येईना.

त्यांनी खणातून सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी शोधली. अंगठी देताना तिचं वजन लिहून ठेवायची त्यांची सवय. चार ग्रॅम अठरा. काट्यावर ठेवली, चार ग्रॅम एकतीस भरली. ते कितीतरी दिवसांनी हसले, आणि हसता हसता खोकले. मग त्यांनी खिडकीतल्या वाडग्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं.

संध्याकाळी बेकरीत जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. काकूंना वजन पटलं नाही. काच जड असते, वजन वाढणारच, असं त्या म्हणाल्या, आणि तेही खोटं नव्हतं. बेकरीवाल्याने मनापासून मदत देऊ केली: भट्टी तापलेलीच आहे, दहा मिनिटं आत सरकवतो, खडखडीत वाळेल. सावकाशरावांनी त्याचा हात धरला तेव्हा गल्लीतल्या लोकांना पहिल्यांदा कळलं, की हा माणूस घाईही करू शकतो. भट्टीत गेला तर तडकून चार तुकडे होतील. याला वाराच लागतो, तोही साधा, तोही सावकाश. मागून कोंदण बंद, म्हणून आणखी सावकाश.

मग त्यांनी स्वतःची बाजूही सांगून टाकली. अंगठी देताना त्यांनी बेकरीवाल्याला बजावलं होतं, की हा वेगळा आहे, याला पाण्यात घालू नको. पण एकदाच बजावलं होतं, चाक चालू असताना, मान वर न करता. पूर्वी ते तीनदा सांगत आणि चौथ्यांदा पुडीवर लिहून देत. बेकरीवाला आठवून म्हणाला, "काहीतरी म्हणाला होतात खरं. मला वाटलं, खोकलात."

ठरलं असं, की अंगठी सावकाशरावांच्या खिडकीत उघड्या बशीत राहील, येता-जाता कोणीही पाहावी. समोर न्हावी होताच. त्याची नजर वस्तऱ्यावर कमी आणि रस्त्यावर जास्त असते, हे त्याच्या गिऱ्हाइकांच्या हनुवट्या सांगतात. रोज सकाळी अंगठीचं वजन करायचं आणि खिडकीच्या काचेवर खडूने लिहायचं. बेकरीवाल्याने आपला तराजू देऊ केला. त्याच्यावर अंगठी ठेवली तेव्हा काटा हलला नाही.

शुक्रवारी चार ग्रॅम अठ्ठावीस. शनिवारी सव्वीस, आणि टेम्पो आला. चाक गेलं, मोटर गेली, पाण्याचा डबा गेला. खडेवाल्याने खिडकीतल्या बशीकडे पाहून विचारलं, की हेही आमचंच का. सावकाशराव म्हणाले, हे अजून कोणाचंच नाही. भिंतीवर चाकाच्या जागी पांढरा गोल डाग राहिला. दुकानात आता एक स्टूल, एक टेबल, एक काटा आणि एक बशी. चाक नाही म्हणून घरघर नाही, आणि घरघर नाही म्हणून त्यांचा खोकला सगळ्या गल्लीला स्पष्ट ऐकू येऊ लागला.

बसायचंच होतं, तर बसले. पण हे बसणं वेगळं होतं. पूर्वी हात चालत, आता नुसते डोळे. रविवारी पंचवीस. सोमवारी चोवीस. मंगळवारी चोवीस. बुधवारी चोवीस. खडा मधल्या मधे लटकला, ना काच ना दूध. डाग पडलेल्या कपासारखा गढूळ. न्हावी रस्त्यापलीकडून ओरडून आकडा विचारी आणि गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगे, जणू निवडणुकीचा निकाल. काकू पाव पोचवायच्या निमित्ताने दिवसातून तीनदा तिथून जात. पाव पोचवायला त्या या आधी कधीच जात नसत. एकदा थांबून त्यांनी विचारलं, किल्ली कधी देणार? सावकाशराव म्हणाले, महिनाअखेर. अजून सहा दिवस आहेत, असं काकूंनी हिशोब करून सांगितलं, आणि तो हिशोब बरोबर होता.

बुधवारी दुपारी बायको डबा घेऊन आली, तर ते स्टुलावर बसल्या बसल्या झोपलेले, हनुवटी छातीवर, आणि एक हात बशीच्या कडेला. तिने उठवलं नाही. डबा ठेवून ती दारात उभी राहिली. सून रस्त्याने जात होती, तीही थांबली. दोघींनी बशीकडे पाहिलं. खडा गढूळच होता.

जाग आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, की नाही आले रंग तर खणातला दुसरा बसवून देईन आणि चोर म्हणवून घेईन; पोरगी तरी सुटेल. बायकोने डब्याचं झाकण उघडलं. "आधी जेवा," ती म्हणाली. "चोरालाही भूक लागते."

गुरुवारी तेवीस. शुक्रवारी एकवीस. शनिवारी सकाळी त्यांनी काचेवर चार ग्रॅम एकोणीस लिहिलं, खडू ठेवला, आणि अंगठी बशीत परत ठेवताना कडेपाशी एक हिरवा ठिपका दिसला, मोहरीएवढा. त्यांनी मान वळवली, गेला. परत वळवली, आला. अलीकडे त्यांना साध्या खड्यांतही रंग दिसत, म्हणून ते गप्प राहिले. न्हाव्याला हाक मारली आणि फक्त विचारलं, काही दिसतंय का. न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून आला, आणि मागोमाग साबण लावलेलं गिऱ्हाईकही आलं.

"हिरवं आहे," न्हावी म्हणाला. गिऱ्हाईक म्हणालं, लालही आहे.

दुपारपर्यंत खडा दुधासारखा झाला आणि आत ठिणग्या पेटल्या, हिरव्या, लाल, एका कोपऱ्यात जांभळी. काट्यावर चार ग्रॅम अठरा. बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला, सून आली, सुनेने अंगठी बोटात घातली आणि हात पाठीमागे लपवला, जणू गल्लीत कुठेही पाणी सांडलेलं असेल. बेकरीवाल्याने तिला सांगितलं, की पराती आजपासून मी घासतो. किती दिवस घासतो ते गल्ली बघणारच आहे.

सावकाशराव स्टुलावरच होते. उभं राहायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण गुडघ्यांनी हरकत घेतली. काकू सगळ्यांच्या मागून पुढे आल्या, सुनेचा हात धरून उजेडात नेला, खडा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. सुनेच्या गालावरून त्यांनी हात फिरवला, म्हणजे सुनेचं प्रकरण मिटलं. पण हार मानायची सवय त्यांना माहेरीही नव्हती. त्या सावकाशरावांकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की रंग आले ते खरं, पण आधी काढून घेतलेला खडा तुम्ही मागच्या मागे परत आणून बसवला नसेल, कशावरून?

सावकाशरावांनी खिडकीतली बशी उचलून टेबलावर पालथी ठेवली, किल्ली खिशात आहे ना ते चाचपलं, आणि म्हणाले:

"काकू, एकदा काढायचा, मग परत बसवायचा, एवढी ताकद असती तर चाक कशाला विकलं असतं?"